चौदा मोकळ्या, एक बाहेर

ज्वारीचा दाणा चिमटीत दाबला आणि दूध निघालं, की लोकांना हुरडा आठवतो. मला फाशांचा आवाज आठवतो. लाकडावरून हाडाचे दोन चौकोनी तुकडे खडखडत जातात, कडेला आपटतात, थांबतात, आणि कुडाआडून कुणीतरी सावकाश म्हणतं, “पंज-दु.” यंदाही पौष लागला, कणसं भरली, आणि सकाळी शेकोटीशी बसल्या बसल्या माझ्या तोंडून तो शब्द आपोआप निघून गेला. नातसून भाकरी थापता थापता थांबली. म्हातारीला काही होतंय की काय, असं तिला वाटलं असावं. काही होत नव्हतं. पाच आणि दोन, एवढाच त्याचा अर्थ.

माझं माहेर उमापूरचं. लहानपणी मला एक खोड होती, ती अजून गेलेली नाही. कुणी काहीही सांगितलं की मी विचारायची, “कावून?” पाणी उकळतं ते कावून, बैल रवंथ करतो ते कावून, मामा बोलत नाहीत ते कावून. वडील मला नावाने हाक न मारता ‘कावून’च म्हणायचे. लग्न झालं, धर्मापुरीपासून कोसावरच्या या गावात मी सून म्हणून आले, आणि पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की इथे हा शब्द माहेरीच ठेवून यायला हवा होता. सासरे गावचे पाटील होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी काही सांगितलं की ते झालेलंच असायचं. सासूबाई नव्हत्या. नवरा दिवसभर रानात, घरात बाई माणूस मी एकटी, आणि सासऱ्यांशी सुनेनं तोंड उघडून बोलायची रीत नव्हती. त्यामुळे माझे सगळे प्रश्न पोटात साठत गेले. माणूस प्रश्नांनी फुगत असता तर त्या वर्षी मी कणगीएवढी झाले असते.

ते वर्ष गाठीच्या तापाचं, प्लेगचं होतं. निजामाचा अंमल. कार्तिक सरता सरता घराघरांतून उंदीर पडायला लागले. आढ्यावरून उंदीर खाली येऊन गरगर फिरायचा आणि मरायचा. तो पडला की गावानं उठायचं, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं, कारण ही साथ काही पहिली नव्हती. तीन दिवसांत सगळं गाव माळावर आलं. जुन्या तुराट्यांचे कूड, वर पाचट, दाराला तरट. देवसुद्धा पाटीत बसून आले. माळावरून मागे पाहिलं की आमचं गाव दिसायचं, घरं जागच्या जागी, फक्त एकाही धाब्याच्या छपरावर धूर नाही. मला ते बघायला भीती वाटायची आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

गावात माणसं ठरलेल्या जागी राहतात. माळावर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याची खोप. अशी आमच्या कुडाला कूड लावून आपांची खोप आली. आपा म्हणजे महसुलातल्या गिरदावर साहेबांच्या विधवा. साहेब नोकरीतून सुटल्यावर इथेच राहिले, इथेच वारले, आणि त्यांची कबर सोडून जायचं नाही म्हणून आपाही राहिल्या. मूळच्या हैदराबादेकडच्या. एकटी बाई, म्हणून आबांनीच त्यांची खोप आपल्या शेजारी घालायला लावली. “बीसाबांना कायबी कमी पडू देऊ नका,” असं त्यांनी मला सांगितलं, म्हणजे माझ्याकडे पाठ करून बैलाला सांगितलं. गावात असताना मी आपांना कधी पाहिलंही नव्हतं. आता त्या खोकल्या तरी मला कळायचं.

आणि रोज सकाळी, कामं उरकल्यावर, कुडापलीकडून तो खडखडाट यायचा. मग शांतता. मग लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज. पुन्हा खडखडाट. तिथे दुसरं कुणी नाही हे मला माहीत होतं. चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी ताक द्यायच्या निमित्ताने तरट सारून आत गेले.

पेटीसारखा एक तख्ता उघडून आपा बसल्या होत्या. मधोमध बिजागरी आणि लाकडाची पट्टी, दोन्ही बाजूंना लांबट त्रिकोणांची नक्षी, त्यावर काळ्या-पांढऱ्या चकत्या. आपा उजव्या हाताने फासे टाकत, पांढऱ्या हलवत. मग तेच फासे डाव्या हाताने टाकत, काळ्या हलवत.

“कावून?” माझ्या तोंडून गेलंच.

आपांनी वर पाहिलं. तोंडात पान होतं. “ये हाथ मेरा,” उजवा वर करून त्या म्हणाल्या, “आणि हा साहेबांचा.”

“मंग जिंकतं कोण?”

“साहेब. लई दफा साहेबच.” त्यांनी डावा हात उलटा करून पाहिला. “डाव्या हाताला चांगलं दान पडतं बघ, दुल्हन. काइकू, ते नक्को विचारू.”

पण मी विचारतच राहिले आणि त्या सांगत राहिल्या. एवढी वर्षं कुणी काही विचारलंच नव्हतं बहुतेक त्यांना. माझ्यासारखी फुगलेली सून आणि त्यांच्यासारखी भरलेली बाई, दोघींची गाठ साथीनं घालून दिली.

तख्ता, नर्द, काहीही म्हणा, तो खेळ मी त्या मार्गशीर्ष-पौषात शिकले. सोंगट्या मला येत होत्या, नागपंचमीला आम्ही खेळायचोच. त्यामुळे मला वाटलं हेही तसलंच. तिथेच घोळ झाला. सोंगट्यांमध्ये सगळे एकाच वाटेने पटाला वळसा घालतात. इथे माझ्या सोंगट्या जिकडून येतात तिकडे आपांच्या जातात. त्यांचं घर ते माझं निघायचं ठिकाण, माझं घर ते त्यांचं. पहिले दोन दिवस मी भलत्याच दिशेने चालत होते आणि आपा पदराआड हसत होत्या. मांडणीही विचित्र. सोंगट्यांमध्ये सगळ्या बाहेर असतात आणि आत येतात. इथे खेळ सुरू व्हायच्या आधीच पंधराच्या पंधरा माणसं विखुरलेली. दोन पार शत्रूच्या घराच्या कोपऱ्यात, पाच त्याच्या पुढच्या कोपऱ्यात, तीन वाटेत, पाच आपल्या घरात. कुणी विखुरली, ते कुणी सांगत नाही. आपण फक्त गोळा करायची. मला तो भाग फार आवडला. त्या माळावर आम्ही सगळे तसेच मांडलेले होतो.

घरं चोवीस कावून? दिवसाचे तास चोवीस. सोंगट्या तीस कावून? महिन्याचे दिवस. फाशाच्या समोरासमोरच्या बाजू मिळवल्या की सातच होतात, ते कावून? सात आसमान. आणि फासे दोन कावून? “एक नसीब,” आपा म्हणाल्या, “आणि दुसरं पण नसीब. अक्कल हातात.”

एका घरात आपली एकटी सोंगटी असली तर ती मारता येते. दोन असल्या की त्या घराला कडी लागली, दुसऱ्यानं तिथे पाय ठेवायचा नाही. दोन्ही फाशांवर सारखंच पडलं की दुप्पट चालायचं. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट, घरी पोचलं की खेळ संपत नाही. पंधराच्या पंधरा घरात आल्या, की मग एकेक करून त्या तख्त्याबाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. आणि एक जरी वाटेत असली तरी घरातली कुणीही बाहेर काढता येत नाही.

या सगळ्याचं काही ना काही उत्तर आपांकडे होतं. फक्त एका नियमाचं नव्हतं.

मारलेली सोंगटी मधल्या पट्टीवर जाऊन बसते. तिथून तिला पुन्हा आत यायचं असतं, आणि तेही समोरच्याच्या घरातून. फाशावर जे पडलं ते घर मोकळं असेल तर ती बसते, कडी असेल तर नाही. इथवर ठीक. पण ती आत बसल्याशिवाय तुम्हाला तुमची दुसरी कुठलीही सोंगटी हलवता येत नाही. चौदा मोकळ्या असोत, त्यांच्यापुढे रस्ता सरळ असो, नाही म्हणजे नाही. डाव हातचा जाऊ दे, पण बसून राहा.

“कावून?” मी म्हटलं. “सोंगट्यांत तर मेलेली मेली. बाकीच्या चालत्यातच की.”

आपांनी पान चघळलं. “मालूम नै,” त्या म्हणाल्या. “मेरे को भी किसीने नै बताया.”

आता आबांचं. आबांना हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. पण माळावर पाटलालाही काम नव्हतं. सकाळी रांगेने खोपी बघून यायच्या, कुणाला ताप आहे का विचारायचं, मोमिनाबादहून लस टोचणारा आला की पळून गेलेल्यांना उसातून शोधून आणायचं, झालं. मग ते कुडाच्या अलीकडे बाजेवर बसायचे, आमच्याकडे पाठ करून. फासे पडले की त्यांची मान किंचित वळायची. एक दिवस मी मोठी चूक केली, “एकटी मेली माजी,” असं ओरडले, तसा बाजेवरून आवाज आला, “सूनबाईला सांगा, दोन एका जागी ठिवाव्यात.” कुणाला सांगा? तिथे कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

शेवटी आपाच म्हणाल्या, “दुल्हन, पाटलाला विचार, खेलते क्या.”

मग आम्ही कुडातली तुराट्यांची एक पेंढी खालून काढली. हात-दीड हात उंचीचा झरोका झाला. त्यात तख्ता ठेवला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आबा त्यांच्या बाजूला जमिनीवर, आपा आपल्या बाजूला, मी आपांजवळ. आबांना आपांचा चेहरा दिसत नव्हता, आपांना आबांचा. तख्त्यावर फक्त दोन हात यायचे. एक काळा, नांगराचे घट्टे पडलेला, चकती उचलताना ढेकूळ उचलावं तसा उचलणारा. दुसरा गोरा, सुरकुतलेला, एकच चांदीची अंगठी घातलेला. दोघं एकमेकांशी बोलत नसत. “बीसाबांना सांग, माजं दान चार-तीन.” आपांना ऐकू आलेलंच असायचं, तरी मी सांगायची, “आपा, चार-तीन.” आपा म्हणायच्या, “बोल पाटलाला, ती गोट एकटी ऱ्हाईली, मैं मारूंगी.” आबांनाही ऐकू आलेलं असायचं. आणि मी सासऱ्याशी बोलू शकत नव्हते, म्हणून कुडाला सांगायची, “एकटी ऱ्हाईली म्हनं.” हसू आवरताना माझ्या पोटात दुखायचं. पण त्या महिन्यात आबांच्या आणि माझ्यात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या वर्षभरात झालं नव्हतं, तेही कुडाच्या मध्यस्थीने.

आबा लवकर शिकले. पण एक चूक त्यांची काही केल्या सुटेना. सोंगट्यांची हाडात मुरलेली सवय. त्यांची सोंगटी मेली, पट्टीवर बसली, की दोन-तीन दानांत ते तिला विसरून जायचे आणि दुसरीच उचलून पुढे चालवायचे. आपांचा हात यायचा आणि सोंगटी परत जागेवर ठेवायचा. आबा चिडायचे.

“बीसाबांना विचार, ह्यो कुटला कायदा? चौदा धडधाकट हायेत माज्या!”

“बोल पाटलाला, कायदा है.”

“एकीपायी चौदांनी बसून ऱ्हायाचं?”

“हौ.”

“कावून पन?”

आबांच्या तोंडून माझा शब्द ऐकून मला जो आनंद झाला, तो मी कुणाला सांगू शकले नाही.

पौष वद्यात गोदाआक्का आल्या.

गोदाआक्का म्हणजे आबांची धाकटी लेक, माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. परळीच्या पलीकडे दिल्या होत्या. आमच्या माळाला आणि परळीच्या वाटेला तोडणारा एक ओढा आहे. त्या ओढ्यापलीकडे बैलगाडी थांबली आणि गाडीवानानं लांबूनच ओरडून सांगितलं की जावई गाठीनं गेले, चार दिवस झाले. सासरच्यांनी पोरीला बापाकडे धाडलंय. आक्का गाडीतून उतरल्या आणि पाण्याकडे चालत यायला लागल्या.

आबांनी हात वर केला. “तितंच थांब, गोदे.”

साथीच्या गावाहून आलेल्यानं पंधरा दिवस ओढ्यापलीकडे राहायचं, हा आबांचाच हुकूम होता. महिनाभरापूर्वी कुंभाराच्या जावयाला त्यांनी तसंच ठेवलं होतं, आणखी दोघांना ठेवलं होतं. आक्का थांबल्या. हातातलं गाठोडं त्यांनी खाली ठेवलं नाही, तसंच छातीशी धरून उभ्या राहिल्या. आबांनी गड्यांकरवी पलीकडच्या चिंचेखाली एक खोप घालून घेतली, घडा ठेवला, आणि परत येऊन बाजेवर बसले. त्या दिवशी तख्ता उघडला नाही.

खरं सांगते, मला आबांचा फार राग आला. हुकूम बरोबर होता हे मला कळत होतं, तरी आला. नवरा जाऊन चार दिवस झालेल्या लेकीला बाप लांबून ‘थांब’ म्हणतो आणि त्याच्या आवाजात काही हलत नाही, हे मला बघवलं नाही. आता या वयात कळतं, त्यांनी हात वर केला होता तो लवकर खाली आला नव्हता. बराच वेळ तसाच हवेत राहिला होता.

भाकरी न्यायचं काम माझ्याकडे आलं. ओढ्यातल्या मोठ्या दगडावर फडकं ठेवायचं, मागे यायचं, मग आक्का येऊन घेऊन जायच्या. पाच-सहा दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. मी या काठावरून ओरडून काहीबाही सांगायची. गाय व्याली, ज्वारीवर पाखरं लई पडली, असलं. एके दिवशी सांगायला काही उरलं नाही म्हणून मी तख्त्याचं सांगायला लागले. कसा दोन हातांनी खेळतात, आबा कसे चिडतात, चोवीस घरं, तीस दिवस. आक्का भाकरी हातात धरून ऐकत होत्या. मी म्हटलं, मेलेली सोंगटी पट्टीवर बसती.

“मंग?” पलीकडून आवाज आला. पहिला शब्द.

“मंग ती परत आत येती!”

आक्कांनी हातातली भाकरी फडक्यात ठेवली. मग त्यांनी ओरडून विचारलं, “मेलेली कशी काय येती गं परत?”

मला रडायला आलं. पण ओढ्याच्या रुंदीवरून रडत बोलता येत नाही, शब्द पोचत नाहीत. मी घसा साफ केला आणि सगळा नियम ओरडून सांगितला. दुसऱ्या दिवशी बघते तर आक्कांनी चिंचेखालची माती सारवून त्यावर काडीने चोवीस घरं ओढली होती. चिंचोके काळ्यांच्या जागी, ओढ्यातले खडे पांढऱ्यांच्या जागी. फासे नव्हते, म्हणून मी इकडे ज्वारीचे दाणे दोन चिमटींत उचलून, मोजून, आकडे ओरडायची, तिकडे त्या चाल करायच्या आणि ओरडून सांगायच्या. माझा पट मी अलीकडे ओढला. दोन्ही पट जुळतात की नाही हे कुणी कधी तपासलं नाही. बहुतेक नसावेत. गुरं राखणारी माणसं थांबून आमच्याकडे बघायची. दोन बाया ओढ्याच्या दोन काठांवर बसून आकडे ओरडतायत, एकीचं कपाळ नवंनवं पांढरं. आणि मधूनच तीच हसायची. हसून झालं की लगेच तोंडावर पदर घ्यायची, जणू काही चोरलं.

पंधरा दिवस झाले. आक्कांना ताप नाही, गाठ नाही. तोवर गावातूनही चांगली खबर आली. महिनाभर एकही उंदीर पडला नव्हता. चार दिवसांनी परतायचं ठरलं, आणि तोवर आक्कांनी पलीकडेच राहून सगळ्यांबरोबर गावात यावं, असं घरात धरलं होतं. परत जायची रीत ठरलेली असते. देवीची पाटी पुढे, वेशीत नारळ, आणि गावात पहिलं पाऊल पाटलाचं. पाटलाचा पाय पडल्याशिवाय गाडी वेशीतून आत जात नाही.

मग गुरव आणि चार जाणती माणसं आबांकडे आली. आम्ही कुडाआडून ऐकत होतो. गुरव म्हणाला, “पाटील, राग धरू नका. पोरगी साथीच्या घरची, त्यात महिना झाला न्हाई आन कपाळ... देवीसंगं तिनं आत यिऊ न्हाई. गाव बसू द्या, महिना-दोन महिने जाऊ द्या, मंग आना. आत्ताच आनली आन गाठ पुना आली तर?” त्या म्हाताऱ्याचे दोन नातू त्याच हंगामात गेले होते. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून त्याला तोडून बोलताही येत नव्हतं. आबा काहीच बोलले नाहीत. हो नाही, ना नाही. माणसं गेली ती ‘पाटील मान्य झाले’ असं समजून.

म्हणजे सगळं गाव परत जाणार, माळ रिकामा होणार, आणि आक्का त्या चिंचेखाली एकट्या राहणार. मी हे त्यांना सांगायला ओढ्यावर गेले आणि न सांगताच परत आले.

परतायच्या आदल्या दुपारी आबांनी स्वतःहून तख्ता मागितला. अर्ध्या खोपी मोडल्या होत्या, आमचा कूड तेवढा उभा. त्या दिवशी आबांचं खेळात लक्ष नव्हतं. त्यांची एक सोंगटी मेली आणि पट्टीवर गेली. आपांच्या घराच्या सहापैकी पाच खान्यांना कडी लागलेली, फक्त ‘एक’ आकड्याचा खाना मोकळा. आबांनी फासे टाकले, नाही. पुन्हा टाकले, नाही. चार वेळा, पाच वेळा. दर वेळी आपा एक चाल करत आणि फासे परत झरोक्यातून सरकवत. सहाव्यांदा दान पडलं चार-दोन. आबांचा काळा हात आला, पट्टीवरून पुढे गेला, आणि आपल्या घराजवळची एक सोंगटी उचलून चार घरं चालवली.

आपांचा हात आला. सोंगटी परत ठेवेल असं मला वाटलं. पण त्या हातानं पट्टीवरच्या एकट्या सोंगटीवर बोट ठेवलं. आणि मला न सांगता, कुडाला न सांगता, आपा सरळ बोलल्या, “पाटील. पहले ये.”

एवढ्या दिवसांत त्यांनी एकमेकांना कधी हाक मारली नव्हती.

“बाकीच्या चौदा मोकळ्या हायेत,” आबा म्हणाले. तेही सरळ. “त्यांनी काय करायाचं? ह्यो कुटला न्याय हाय, बीसाब?”

“ये खेल है, पाटील,” आपा म्हणाल्या. “न्याय तुमच्याकडे.”

काळा हात तख्त्यावर बराच वेळ पडून राहिला. मग निघून गेला. डाव तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा गाव निघालं. धान्याच्या, भांड्यांच्या गाड्या, त्यावर कोंबड्या, म्हाताऱ्या. आपा त्यांच्या पडदा लावलेल्या दमनीत, छोट्या बैलगाडीत. मी आमच्या गाडीत, मागे तोंड करून, कारण मला चिंच दिसत होती. आक्का झाडाखाली उभ्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गाड्या दुसऱ्या दिशेला वळल्यावर सांगायला काय लागतं. वेशीपाशी सगळं थांबलं. गल्ल्यांमध्ये गुडघाभर गवत वाढलेलं दिसत होतं. गुरवानं देवीची पाटी उचलली, नारळ आबांपुढे धरला.

आबांनी नारळ घेतला नाही. वेशीबाहेरच्या एका दगडावर ते बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“पाटील?” गुरव म्हणाला. “येळ चाललीया.”

“जाऊ द्या.”

“आवो, पाऊल टाका की.”

“मला हलता येत न्हाई,” आबा म्हणाले. “माजी एक बाहेर हाय.”

कुणाला काही कळेना. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, पाटलाला ताप चढला. गुरव समजुतीच्या सुरात बोलायला लागला, गाव, देवी, लहान लेकरं. आबा ऐकत होते, मान हलवत होते, आणि पुन्हा तेच म्हणत होते, “समदं खरं. पर मला हलता येत न्हाई.” ऊन चढलं. लेकरं रडायला लागली, बैल जू ओढायला लागले. पाटलाचा पाय पडत नव्हता आणि त्याच्याआधी कुणाला जाता येत नव्हतं. शंभर गाड्या असतील, सगळ्या तिथेच.

मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. गाडीतून उडी मारली आणि सगळ्यांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरत, ओढ्याकडे पळत सुटले. मागून कुणी हाक मारली की नाही, मला माहीत नाही. ओढ्यातून सरळ पाण्यातून गेले, पलीकडच्या काठावर पहिल्यांदाच पाय ठेवला, आणि आक्कांचा हात धरला. हात गार होता. त्यांच्या मागे मातीतला पट तसाच होता, चिंचोके आणि खडे मांडलेले.

“कावून आलीस?” त्या म्हणाल्या.

“चला,” मी म्हटलं. “तुमच्यापायी समदं गाव बसून हाय.”

आम्ही दोघी चालत आलो. गाड्यांची रांग बाजूला सरली. कुणी मागे झालं, कुणी खाली बघितलं. गुरवानं पाटी डोक्यावर धरलेलीच होती. त्यानं आक्कांकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता बोलेल, पण त्या म्हाताऱ्याचे डोळे भरले आणि तो बाजूला झाला. आक्का बापासमोर थांबल्या. आबांनी वर बघितलं नाही. नुसता हात केला, आत, वेशीकडे. ओढ्याकाठी वर केलेला तो हात मी पाहिला होता. हा त्याच माणसाचा हात होता.

पाटलाच्या आधी आक्कांनी वेस ओलांडली.

तेव्हा दमनीच्या पडद्याआडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आपांचा आवाज आला, “उठो, पाटील. चौदा खुल गए.”

आबा उठले. धोतर झटकलं, पागोटं घातलं, आणि नारळासाठी हात पुढे केला.

तो अर्धा राहिलेला डाव पुढे कधी पुरा झाला नाही. गावात आल्यावर भिंती परत मातीच्या झाल्या, झरोका काढायला तुराट्या नव्हत्या. आपा मरताना तख्ता मला देऊन गेल्या. आता तो आमच्या मधल्या घरात असतो. आज सकाळी मी ‘पंज-दु’ म्हटलं, ते नातसुनेला कळलं नाही, पण आतून काठीचा आवाज आला आणि गोदाआक्का बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढे गेल्यात. कमी दिसतं, पण चकत्या हातानं चाचपून खेळतात. पहिल्याच काही दानांत मी त्यांची एक सोंगटी मारली आणि पट्टीवर ठेवली. त्यांनी फासे टाकले, नाही बसली. पुन्हा टाकले, नाही. मला कंटाळा आला. मी म्हटलं, “आक्का, दुसरी हलवा की एखादी. मी काय कुनाला सांगनार हाय?”

त्यांनी ऐकलं नाही. चाचपून ती एकटी सोंगटी शोधली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने फासे पुन्हा माझ्याकडे सरकवले.